महामारी आणि उपेक्षितांची जबानी



सन २०२० च्या मे महिन्याच्या पंचवीस तारखेस अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा भर रस्त्यात, माणसे पाहत असताना, एका पोलीस अंमलदाराच्या गुडघ्याखाली प्राण गेला. त्यानंतर पोलीस खात्याने जे पत्रक प्रसिद्धीस दिले त्यात त्या गुडघ्याचा उल्लेख नव्हता. एका इसमास पोलिसांनी ताब्यात घेतले असता त्याची प्रकृती बिघडली आणि तो इस्पितळात मरण पावला, एवढाच त्याचा मथितार्थ होता. देशात साथीने हजारो माणसे मरत असताना आणखी एक माणूस प्रकृती बिघडून मेला, ही नोंद दप्तरात सहज खपून गेली असती. ती खपली नाही, याचे कारण शेजारच्या दुकानात सामान घ्यावयास आलेल्या सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने तो सारा प्रकार आपल्या मोबाइलवर टिपला होता आणि तो जगापुढे ठेवण्याचे धैर्य दाखविले होते. पुढे अकरा महिन्यांनी न्यायालयाने त्या अंमलदारास खुनाबद्दल दोषी ठरविले. परंतु खात्याची कैफियत त्या मुलीच्या साक्षीपुढे पहिल्याच दिवशी कोसळली होती. शवविच्छेदनात असेही निष्पन्न झाले, की फ्लॉइड यांना काही आठवड्यांपूर्वी कोरोनाची बाधा होऊन गेली होती. आणि ते जेथे पहारेकऱ्याचे काम करीत ती जागा टाळेबंदीत बंद पडल्यामुळे त्यांचा रोजगारही सुटला होता. रोग, बेकारी आणि वर्णद्वेष ही तीन संकटे अशी एकाच देहावर येऊन पडली होती.

गोंदियाच्या श्रोत्यांपुढे मी मिनिआपोलिसची हकीकत का सांगावी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्याच मे महिन्यात, आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गावर होते. नागपूरहून साकोली, कोहमारा, देवरी या वाटेने छत्तीसगडच्या सरहद्दीकडे डोक्यावर गाठोडी, कडेवर मुले आणि पायांत झिजलेल्या चपला घेऊन चाललेले मजुरांचे तांडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, आणि कित्येकांनी त्यांना भाकरी-पाणी दिलेही असेल. आठ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, आगगाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवरच निजलेले सोळा मजूर पहाटेच्या मालगाडीखाली सापडून ठार झाले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे. त्यांत बरेचजण गोंड होते, म्हणजे सालेकसा-देवरीच्या आपल्या बांधवांचेच सगोत्र. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न निघाला, की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्यू पावले. आणि श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिले, की अशी माहिती ठेवण्यात आलेली नाही.

मला आज जे सांगावयाचे आहे ते या दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत आहे. महामारीत मरण कोणाच्या वाट्याला किती आले हे सरकारी दप्तर कधी सांगते, कधी सांगत नाही. परंतु ते मरण तेथेच का आले, याचे ज्ञान बहुधा त्यांनाच असते ज्यांच्या अंगावरून ती साथ गेली आणि ज्यांना समाजाने आधीच खालच्या पायरीवर बसविलेले असते. त्यांचे बोलणे आपण फार तर सहानुभूतीने ऐकतो. तक्रार म्हणून ते आपण दाखल करून घेतो, दुःख म्हणून त्यावर हळहळतो. पुरावा म्हणून मात्र ते आपल्या हिशेबात धरीत नाही. ते पुराव्यात धरले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ मी आपणांस प्रथम सव्वादोनशे वर्षे मागे नेणार आहे.

१७९३ साली फिलाडेल्फिया ही अमेरिकेची राजधानी होती आणि तिची वस्ती सुमारे पन्नास हजार होती. त्या वर्षी ऑगस्टपासून तेथे पीतज्वराची साथ उसळली आणि थंडी पडेपर्यंत तिने सुमारे पाच हजार माणसे नेली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन शहराबाहेर गेले, श्रीमंत गेले, बापाने मुलाला आणि पतीने पत्नीला टाकून जाण्याचे प्रकार घडले. बेंजामिन रश हे त्या शहरातले अत्यंत नामांकित वैद्य. कृष्णवर्णीयांना हा ज्वर बाधत नाही असे त्यांनी पूर्वीच्या एका लेखकाच्या आधाराने ठरविले आणि त्यांनी शुश्रूषेस पुढे यावे असे आवाहन केले. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स हे दोघे त्या समाजाचे पुढारी. दोघेही गुलामीत जन्मलेले आणि पुढे स्वतंत्र झालेले. त्यांनी माणसे जमविली. रोग्यांपाशी बसणे, रक्तमोक्षण करणे, कोणी हात लावावयास तयार नसलेली प्रेते उचलून पुरणे ही कामे त्या माणसांनी महिनोन्‌महिने केली. रश यांचा सिद्धान्त खोटा होता. कृष्णवर्णीयही त्या ज्वराने मरत होते, आणि ॲलन स्वतः त्याने अंथरुणाला खिळले होते.

साथ ओसरली न ओसरली तोच मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने साथीचा वृत्तान्त छापला, आणि त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या. त्यात जोन्स-ॲलन यांची वैयक्तिक प्रशंसा होती. परंतु कृष्णवर्णीय शुश्रूषकांपैकी अत्यंत हीन लोकांनी अडलेल्यांकडून भरमसाट मजुरी उकळली आणि रोग्यांची घरे लुटली, असा आरोपही होता. १७९४ च्या आरंभी त्या दोघांनी त्यास उत्तर म्हणून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व मला असे वाटते, की ती निव्वळ करुणेची याचना करीत नाही. ती जमाखर्च मांडते. प्रेतवहनापोटी हाती आलेली रक्कम २३३ पौंडांच्या आसपास, शवपेट्या आणि भाड्याने लावलेली माणसे यांवरचा खर्च ४११ पौंड, आणि म्हणून स्वतःच्या पदरचा तोटा सुमारे १७७ पौंड. मजुरी वाढली ती मागणाऱ्यांमुळे नव्हे, देणारेच एकमेकांवर चढाओढ करीत होते म्हणून, हे ती दाखविते. पुढे ती शहराच्या मृत्युनोंदवहीकडे बोट दाखवून म्हणते, की १७९२ साली आमच्या वर्णाची ६७ माणसे पुरली गेली आणि १७९३ साली ३०५. तेव्हा आम्हांला हा रोग होत नाही हे म्हणणे कोठे राहिले? आरोप करणारे कॅरी काही काळ शहर सोडून गेले होते, याचीही आठवण ती करून देते.

श्रोतेहो, या पुस्तिकेवर मी मुद्दाम थांबलो, कारण वंचितांच्या कथनाविषयी सुशिक्षितांचा जो नेहमीचा आक्षेप असतो, की ते भावनाप्रधान असते, एकांगी असते, त्यात मोजदाद नसते, त्याचे उत्तर तिने कायमचे देऊन ठेवले आहे. सिद्धान्त रश यांच्यापाशी होता आणि छापखाना कॅरी यांच्यापाशी; तरी आकड्यांची रुजुवात केली ती ज्यांना प्रेते उचलावयास लावले होते त्यांनी. त्याच शहराच्या कृष्णवर्णीय वस्तीत शंभर वर्षांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांनी घरोघर जाऊन पाहणी केली आणि १८९९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तीनच वर्षांपूर्वी, १८९६ साली, फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या सांख्यिकाने असे प्रतिपादन केले होते, की कृष्णवर्णीयांचा वाढता मृत्युदर त्यांच्या वंशाच्या घडणीतच आहे आणि ते हळूहळू नष्ट होणार. ड्यू बॉइस यांनी दाखविले, की त्या मृत्यूची मुळे ओलसर खोल्यांत, दूषित पाण्यात आणि अपुऱ्या मजुरीत आहेत. हॉफमन यांना आकडे दुरून दिसत होते. ड्यू बॉइस त्या घरांच्या उंबऱ्यात उभे राहून बोलत होते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १८९७ च्या प्लेगचे नाव काढताच मराठी माणसास काय आठवते? रँडसाहेब, गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरांच्या झडत्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत झाडलेल्या चापेकरांच्या गोळ्या. त्या झडत्यांतला अपमान खरा होता, त्यावरचा क्षोभही खरा होता, आणि मी त्याचे मोल कमी करू इच्छीत नाही. परंतु त्याच वर्षी ९ फेब्रुवारीस मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने वारले. ‘दीनबंधू’चे हे संपादक गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे सत्यशोधक होते. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या ससाणे माळावरील दवाखान्यात गेल्या होत्या. साथीत उंबरठ्याच्या आत शिरणाऱ्या सरकारी बुटांची गोष्ट आपल्या इतिहासाने तत्काळ लिहून घेतली. साथीत कोणाच्याच उंबरठ्याशी न येणाऱ्या औषधाची गोष्ट लिहून घ्यावयास त्याला फार वर्षे लागली. ज्या वर्गाच्या हाती लेखणी होती त्याचे दुःख तेवढे राष्ट्राचे दुःख ठरले, आणि बाकीचे दुःख दप्तराच्या तळाशी गेले, हा माझा निष्कर्ष कित्येकांस कठोर वाटेल. पण पुढचे आकडे पाहता तो मला सौम्य करता येत नाही.

१९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी मानमोडी म्हणून राहिली. आपला प्रदेश तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, आणि हिंदुस्थानात या साथीने ज्या प्रांतांची अत्यंत नासाडी केली त्यांत तो होता. त्यातच त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. मुंबई शहराच्या नोंदींत त्या साथीचे जातवार आकडे सापडतात. युरोपियनांत हजारी ८.३ माणसे मेली, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या नोंदीत हलक्या जातीचे हिंदू म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. एकच शहर, एकच हवा, एकच जंतू. आणि तफावत सातपटीहून अधिक. हे आकडे शंभर वर्षे छापलेले आहेत. परंतु त्या ६१.६ पैकी एकाही माणसाची जबानी आपल्यापाशी नाही: खोलीत किती माणसे होती, ताप चढल्यावर कामावर का जावे लागले, कोणत्या विहिरीवर पाणी मिळाले नाही. आकडा आहे आणि कारण मुके आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी निग्रोंची दास्यातून मुक्तता केली त्यांस अर्पण केला, हे आपण जाणता. त्यांच्या दूरदृष्टीला मी वंदन करतो. परंतु त्या अर्पणपत्रिकेत उल्लेख आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. मुक्त झालेल्यांशी थेट बोलण्याचा मार्ग तेव्हा पुण्याहून खुला नव्हता. तो खुला झाला १९४६ च्या जुलैत, जेव्हा डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंच्या प्रश्नाचे आपण अभ्यासक आहोत, त्यांची आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती एवढी सारखी आहे की तो अभ्यास अपरिहार्य ठरतो, असे सांगून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे जो अर्ज ठेवला होता त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. एका पीडित समाजाचा वकील दुसऱ्या पीडित समाजाकडे करुणा मागत नव्हता, दानही देत नव्हता. तो कागदपत्र मागत होता. ज्या तऱ्हेच्या श्रवणाविषयी मी बोलत आहे त्याचे याहून शुद्ध उदाहरण मला ठाऊक नाही. आणि आठच वर्षांनी, १९५४ साली, हेच आंबेडकर आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. ते पराभूत झाले. आपल्या भूमीच्या इतिहासातील ही गोष्ट आपण क्वचित उच्चारतो. ती उच्चारली पाहिजे.

वर्ण आणि जात एकच आहेत असे मी म्हणत नाही. वर्ण दुरून दिसतो, जात विचारून कळते. त्यांच्या उगमात, धर्माधारात आणि चालीरीतींत पुष्कळ अंतर आहे. परंतु साथ आली म्हणजे प्रेताला हात कोणी लावावयाचा, गटारात कोणी उतरावयाचे, आणि रुग्णशय्या कमी पडल्या तर कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे दोन्ही व्यवस्था आधीच ठरवून ठेवतात. आपल्या नगरपालिकांच्या सफाई कामगारांत कोणत्या जातींची माणसे आहेत हे या सभेत कोणास सांगावे लागणार नाही. कोरोनाने मेलेल्यांच्या चिता त्यांनीच रचल्या.

विश्वास न ठेवण्याची गोष्ट निघाली म्हणून दोन हकीकती सांगतो. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या इंडियाना राज्यात एक कृष्णवर्णीय स्त्री कोरोनाने इस्पितळात होती. ती स्वतः डॉक्टर होती. आपल्या वेदना खऱ्या मानल्या जात नाहीत, आपण गोऱ्या असतो तर असे झाले नसते, असे तिने खाटेवरून चित्रफितीत बोलून ठेवले, आणि त्या महिन्यातच ती वारली. तिचे शिक्षण, तिची पदवी, रोगाचे तिचे ज्ञान यांपैकी कशानेही तिच्या शब्दाला वजन आले नाही. दुसरी हकीकत याहूनही विचार करावयास लावणारी आहे, कारण तिच्यात दोषी माणूस शोधून सापडत नाही. त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे जे ऑक्सिमीटर, त्याचे मापन त्यांनी रोहिणीतून काढलेल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ म्हणजे ठीक सांगत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू ८८ च्या खाली गेलेला आहे, असे गोऱ्या रुग्णांत शेकडा ३.६ वेळा घडले आणि कृष्णवर्णीय रुग्णांत शेकडा ११.७ वेळा. ते यंत्र त्वचेतून प्रकाश पार करून मोजते, आणि काळ्या त्वचेतील रंगद्रव्य तो प्रकाश शोषून घेते. गुदमरत असल्याचे रुग्ण सांगत होता. यंत्र सांगत होते की नाही. आणि इस्पितळ यंत्राचे ऐकत होते.

ही दूरदेशीची गोष्ट नव्हे. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत महाराष्ट्रभर घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजण्यात आला. आपल्या जिल्ह्यातही आशाताई तेच यंत्र घेऊन गावोगाव गेल्या. ज्यांच्या बोटांना त्यांनी ते लावले ती बोटे कोणती? चिखलात धानाची रोवणी करणारी, तेंदूच्या पानात तंबाखू भरून दिवसभर बिड्या वळणारी, मोहफुले वेचणारी. उन्हाने आणि जन्मानेही सावळी-काळी. त्या बोटांवर यंत्राचा आकडा ठीक आला आणि बाई म्हणाली, ‘ताई, पण मले दमच घेववत नाही’, तर त्या दोहोंतील काय नोंदवहीत चढले असेल? तक्त्यात आकड्यासाठी रकाना होता. त्या वाक्यासाठी रकाना असावयास हवा होता, आणि तो असता तर आकड्याची चूक पकडण्याचे दुसरे साधन आपल्या हाती राहिले असते.

आशाताईंचीही एक बाजू आहे, आणि तिच्यात मला फिलाडेल्फियाचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. समाजाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या, त्यांना योद्धा म्हटले. परंतु १५ जून २०२१ रोजी राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा कामगार संपावर गेल्या, आणि आपल्या कामाचे तास, त्या कामाचा तुटपुंजा मोबदला आणि संरक्षणाची अपुरी साधने यांचा हिशेब त्यांनी शासनापुढे ठेवला, तेव्हा ऐन साथीत संप कसला करता, असे म्हणणारी माणसे निघाली. जोन्स आणि ॲलन यांनाही शुश्रूषेबद्दल प्रशंसा मिळाली होती. तरी मजुरीच्या आरोपाला जमाखर्च मांडून त्यांना उत्तर द्यावे लागले. सेवा स्वीकारावयाची आणि सेवकाची कैफियत फेटाळावयाची, हा शिरस्ता दोन्ही खंडांत सारखाच जुना आहे.

साक्ष देणे हे आपल्याकडे किती महागात पडते, याचा दाखला शेजारच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजीने २००६ साली दिला आहे. तेथे एका दलित बाईने मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार म्हणून माणसे ओळखली, आणि जामिनावर सुटून आलेल्यांनी तिला व तिच्या तीन मुलांना ठार केले. तेव्हा ‘बोला, आम्ही ऐकतो’ असे केवळ म्हणून चालत नाही. बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी नसेल तर त्यास बोलावयास लावणे हा अन्याय होय.

म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांपुढे मी एक काम ठेवतो. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांत २०२० आणि २०२१ सालच्या जबान्या लिहून घ्याव्यात. गावी परतल्यावर शाळेत विलगीकरणात ठेवलेले मजूर, राईस मिलमधले हमाल, बिडी वळणाऱ्या बाया, आशाताई, सफाई कामगार, स्मशानात काम केलेली माणसे, यांच्यापासून आरंभ करावा. गोंडीत बोलणाऱ्याचे गोंडीतच घ्यावे, पोवारीत बोलणाऱ्याचे पोवारीत, झाडीबोलीत बोलणाऱ्याचे झाडीबोलीत. प्रमाण मराठीत त्याचा तर्जुमा शेजारी असावा, जागी नसावा. लिहिणारी मुले त्याच वस्त्यांतली निवडावीत, आणि त्यांना कामाचा मोबदला द्यावा. लिहून झालेली जबानी सांगणाऱ्यास वाचून दाखवावी, त्याने सांगितलेली दुरुस्ती करावी, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. नाव लावावे की नाही हे त्याच्यावर सोपवावे, आणि नाव दिल्याने त्यास उपद्रव झाला तर त्याच्या बाजूने उभा राहील असा वकील आधीच नेमून ठेवावा. एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी राहावी, एक ग्रामपंचायतीत, एक जिल्हा ग्रंथालयात. आणि पुढची साथ येईल तेव्हा जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्याच्या मेजावर पहिल्याच दिवशी त्या जबान्यांचा गठ्ठा ठेवण्यात यावा. जबानी देऊ शकणारी जुनी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, तेव्हा हे काम यंदाच्या रोवणीपूर्वी सुरू व्हावे, अशी माझी विनंती आहे.